मागच्या खुर्चीतला आवाज

डॉक्टरांनी विचारलं ते तसं सोपंच होतं. "आजी, आज वार कोणता?"

बाईंनी मान वर केली, खिडकीकडे पाहिलं, स्वेटरचं बटण चाचपलं. उत्तर येईना. खोलीत पंखा तेवढा घरघरत होता. डॉक्टर वयानं तरुण. संगणकावर बोटं टेकवून, पडद्याकडे बघत त्या थांबल्या होत्या. बाईंच्या मागे, डाव्या खांद्याशी, त्यांचे यजमान खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. आणि काही ठरवायच्या आत त्यांच्या तोंडून हलकेच निघून गेलं, "बुध…"

"बुधवार," बाई म्हणाल्या.

"छान," म्हणत डॉक्टरांनी टाइप केलं.

हे त्यांनी मुद्दाम केलं असं म्हणणं, निदान त्या दिवसापुरतं तरी, त्यांच्यावर अन्याय होईल. बोलता बोलता कुणी थांबलं की त्यांना ते सोसत नसे. ही खोड नाटकानं लावलेली. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत, पण ते खरे वकील नव्हते. एका फिरत्या नाटक कंपनीत त्यांनी उभा जन्म काढला, तोही दुय्यम भूमिकांत. आणि काळा कोट त्यांना इतका नेमका बसे, की वकिलाचं काम निघालं की ते त्यांच्याच गळ्यात पडे. आवाज भरदार, अभिनय बेताचा, आणि पाठांतराच्या नावानं आनंद.

बाई त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत पडद्याच्या आडोशाला स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता ठेवायची आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याला पुरवायचं, हे त्यांचं काम. प्रेक्षकांचं सोडाच, कधी कधी नटालाही पत्ता लागत नसे की वाक्य आपल्याला आठवलं नाही, मिळालं.

"कुजबुजायचं नाही," असं त्या नव्या मुलींना शिकवत. "कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत सळसळत जाते. छातीतून बोला, हलक्या आवाजात, आणि पहिले दोनच शब्द द्या. पुढचं त्याचं त्याला सापडतं."

एकदा भर कोर्टाच्या प्रवेशात वकीलसाहेब आपल्या अशिलाचंच नाव विसरले. बाईंनी सांगितलं, ह्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. शेवटी पहिल्या रांगेतले एक गृहस्थ वैतागून ओरडले, "अहो वकीलसाहेब, त्या केव्हाच्या सांगतायत, घ्या की!" सगळं नाट्यगृह हसून लोटपोट झालं. प्रयोग संपल्यावर हे खजील होऊन विंगेत गेले आणि म्हणाले, "तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं." त्यावर बाई "मग घरीच घेऊन चला मला" असं खरंच म्हणाल्या, की ते वाक्य वकीलसाहेबांनी मागाहून पदरचं घातलं, यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. लग्न झालं एवढं खरं.

आता अडत होत्या त्या बाई. आधी वस्तूंची नावं गेली. मग शेगडी पेटती राहू लागली. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून परत यायचा रस्ता त्यांना सापडेना, आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी त्यांना हाताला धरून घेऊन आला.

इंजेक्शनची गोष्ट निघाली त्या दिवशी लेक सोबत होती. लेक शाळेत शिकवायची, त्यामुळे प्रश्न विचारायला कचरत नसे.

"हे पेप्टाइडचं औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. शिरेतून, सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं. मेंदूच्या पेशींना त्यानं आधार मिळतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. काहींत काहीच दिसलेलं नाही. मी उगाच आशा लावणार नाही."

"आणि त्रास काय काय होऊ शकतो?"

"घाम, चक्कर, ताप, डोकेदुखी. काहींची झोप उडते, माणूस बेचैन होतो, चिडतो. क्वचित फिट येऊ शकते. आजींना आधी कधी फिट आलेली नाही, मूत्रपिंडाच्या तपासण्याही ठीक आहेत, म्हणून मी तयार आहे. पण एक अट." पडद्यावरची नजर काढून त्यांनी ती थेट वकीलसाहेबांवर लावली. "दर आठवड्याला मी प्रश्न विचारणार. हातापायाला झटके, झोप न लागणं, भास, काहीही झालं तरी सांगायचं. तसं काही दिसलं की मी औषध थांबवणार. सगळं त्या उत्तरांवर आहे."

"आमच्याकडून काही लपून राहणार नाही," वकीलसाहेब ठणकावून म्हणाले. वाक्य छान जमलं होतं.

सलाइन द्यायची खोली डॉक्टरांच्या खोलीला लागूनच. मागे रेलणारी खुर्ची, लोखंडी दांडीला टांगलेली बाटली, भिंतीवर एक घड्याळ. सिस्टर शीर शोधायला लागली की वकीलसाहेब डोळे गच्च मिटून घेत.

"आजोबा, तुम्ही का मिटताय? सुई त्यांना टोचतेय."

"आमच्यात रडायचं खातं माझ्याकडे आहे," ते म्हणत. सिस्टर हसे. बाईही हसत, कशाला ते न कळता.

आणि मग ती सकाळ आली. वकीलसाहेब नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते. बाई ऐकतात की नाही याचा विचार त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. घरात आवाज असावा म्हणून ते वाचत. कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीची बातमी होती.

"श्वास कुठं घेताय?" बाई म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी वर पाहिलं.

"वाक्य मधेच मोडलंत. आधी पूर्णविरामापर्यंत पोचा, मग काय घ्यायचा तो श्वास घ्या. कितीदा सांगायचं?"

ते उठले, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि टॉवेल तोंडावर दाबून रडले. बाहेरून हाक आली, "अहो, चहा निवतोय." अहो! कित्येक महिन्यांत हा शब्द त्या घरात उच्चारला गेला नव्हता. मधल्या काळात ते कधी दादा झाले होते, कधी कंपनीचे मॅनेजर, आणि एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेला माणूस.

तेव्हापासून वकीलसाहेबांचा सगळा जीव त्या टांगलेल्या बाटलीत गोळा झाला.

त्याच दिवसांत बाईंची झोप उडाली. उजाडायच्या आधीच त्या पलंगाच्या कडेवर पायांत चपला घालून बसलेल्या असत, कपाळ घामानं डबडबलेलं. "तिसरी घंटा झाली. तुमचा मेकअप कुठाय?" असं म्हणून त्या ह्यांना गदागदा हलवत. आणि खोटं कशाला सांगायचं, वकीलसाहेबांना ते आवडत होतं. ते निमूटपणे उठून कोट चढवत. भास म्हणून जे सांगायचं होतं ते हेच, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ज्या भासात आपण तरुण असतो आणि बायको आपल्यावर खेकसत असते, त्याची तक्रार करायला त्यांची जीभ उचलेना.

मग बाई चिडू लागल्या. लेकीनं केस विंचरायला घेतले तर कप भिरकावला. आणि मग तो उजवा हात. जेवताना मधेच तो कोपरापासून उडे आणि चमचा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडे.

"बाबा, तो हात पाहिलात?" लेकीनं चमचा उचलत विचारलं.

"इतके दिवस तो मांडीवर मेल्यासारखा पडून होता. आता निदान हलतोय."

"हलत नाहीये. उडतोय."

"तुझं आपलं काहीतरीच. अगं, वाचताना श्वासाची चूक काढली तिनं माझी!"

"शंभरदा सांगून झालंय ते. मला आनंद नाही का झाला? पण डॉक्टरांना हे सांगायला पाहिजे. नाहीतर मी येते या वेळी."

"मी सांगतो ना. तू शाळा कशाला बुडवतेस?"

"नक्की?"

"आता काय लिहून देऊ?"

लेकीनं विश्वास ठेवला. बाप नाटकात काम करणारा असला, तरी घरात तो कधी खोटं बोललेला तिला आठवत नव्हता.

तोवर पहिल्या दिवशी निसटलेला शब्द नेमाचा झाला होता. खोलीत शिरल्याबरोबर वकीलसाहेब खुर्ची जराशी पुढे, बाईंच्या खांद्याच्या रेषेत ओढून घेत. डॉक्टरांची नजर पडद्यावर, पंख्याची घरघर वर. वार, महिना, मजला, ऋतू. ते पहिलं अक्षर देत, बाई शब्द पुरा करत, डॉक्टर गुण मांडत. बाईंचे गुण वाढत चालले होते, आणि डॉक्टर स्वतःच थोड्या चकित झाल्या होत्या. मनातल्या मनात वकीलसाहेबांनी यावर एक युक्तिवादही रचला होता. आपण सुरुवात तेवढी करून देतो. पुढचं तिचं तिला सापडतं. म्हणजे उत्तर तिचंच झालं की नाही? खोट्या वकिलाला खोटं कोर्ट मिळालं की असंच व्हायचं.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी आधी त्रासाचेच प्रश्न घेतले.

"आजी, झोप लागते ना?"

"लाग…" मागून आलं.

"लागते."

"चिडचिड?"

"नाही…"

"नाही."

"बरं. हाताला, पायाला झटके वगैरे?"

या खेपेला बाई मागच्या आवाजासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी आपला उजवा हात मांडीवरून उचलला आणि डॉक्टरांपुढे धरला, एखादी बिघडलेली वस्तू दुकानदाराला दाखवावी तसा. "हा…" त्या म्हणाल्या. "हा बघा…"

डॉक्टर अजून आधीचं उत्तर टाइप करत होत्या. वकीलसाहेबांना पलीकडच्या खोलीतली बाटली दिसली. त्यांना निवत चाललेला चहा दिसला. आता बाईंचं वाक्य पुरं झालं की ते सगळं संपणार, हे त्यांना लख्ख दिसलं.

"नाही," ते म्हणाले. छातीतून, हलक्या आवाजात.

बाई अडखळल्या. आपण भलतंच वाक्य घेतलं हे ध्यानात आलेला नट जसा सावरतो, तशा सावरल्या. हात खाली गेला. "नाही," त्या म्हणाल्या, आणि मान किंचित मागे वळवून हसल्या. वेळेवर सांभाळून घेणाऱ्याकडे बघून नट हसतात, तशा. वकीलसाहेब स्वतः उभा जन्म विंगेकडे बघून असेच हसत आले होते.

"मग पुढचा कोर्स सुरू करायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीनं फोनवर विचारलं, "सांगितलंत?"

"विचारलं त्यांनी. पुढचा कोर्स सुरू करायला हरकत नाही म्हणाल्या." यातला शब्दन् शब्द खरा होता.

फिट आली ती भर दुपारी, जेवणाच्या टेबलाशी. आधी हात उडाला, त्याकडे वकीलसाहेबांनी सवयीनं दुर्लक्ष केलं. मग बाईंचं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं, डोळे वर गेले, खुर्ची कलंडली आणि टेबलाची कड कपाळाला लागली. वकीलसाहेबांची बोबडी वळली. तोंडातून शब्द फुटेना, नुसताच आवाज. तो ऐकून खालचा शिंपी गळ्यात टेप तसाच लटकत ठेवून धावत आला, त्यानं बाईंना कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला शर्ट काढून घातला आणि ओरडला, "अहो, असे बघत काय बसलात! फोन करा!"

रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात, संध्याकाळी, डॉक्टर बाहेर आल्या. बाई शुद्धीवर आल्या होत्या, पण डोळे कुणावर ठरत नव्हते. कपाळाला टाके होते.

"एकदम फिट? आधी हाताला झटके, झोपेचा त्रास, काहीच नव्हतं?"

वकीलसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. लेक त्यांच्याकडेच बघत होती. विंगेत आता कुणी नव्हतं.

"होतं," ते म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं, त्या पहिल्या 'बुध…'पासून.

डॉक्टर म्हणाल्या, "मी त्यांना विचारत होते."

"हो."

"आणि उत्तरं तुम्ही देत होता."

"पहिलं अक्षर फक्त," ते म्हणाले, आणि आपल्याच कानांनी ते ऐकून शरमेनं मेल्यासारखे झाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. "हे औषधानं झालं की आजारानंच, मला आता कधीच सांगता येणार नाही. औषध थांबवलं असतं तरी कदाचित फिट आली असती. कदाचित नसती. कळायला त्यांच्या बोलण्याशिवाय माझ्याकडे दुसरं काय होतं? आता औषध बंद. पुन्हा द्यायचं नाही."

"पण तिचे गुण वाढले होते ना?" लेकीनं विचारलं. आशा अजून सुटत नव्हती तिला.

"कुणाचे वाढले होते?" डॉक्टर म्हणाल्या.

वकीलसाहेब पुढे सरसावले. "डॉक्टर, एक गोष्ट तेवढी. पूर्णविरामाचं ती बोलली ना, चहाचं, ते मी सांगितलेलं नव्हतं. ते तिचंच होतं. शपथ घेऊन सांगतो. अहो म्हणाली ती मला."

"असेलही, आजोबा."

"असेल नाही. होतं."

"मी नाही म्हणत नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पण मी आता त्याचं काय करू?"

त्या निघून गेल्या. बाकावर बापलेक शेजारी बसले. पलीकडे कुणीतरी फरशी पुसत होतं, ओल्या पट्ट्यावर त्याच्या रबरी चपला चुईचुई वाजत होत्या.

"तुम्ही म्हणालात, सांगतो," लेक म्हणाली.

"हो."

"मलाही ती हवी होती, बाबा. तुम्हाला काय वाटतं, कप अंगावर आला तेव्हा मला राग आला? मला वाटलं, ओरडली तर खरी माझ्यावर. घरी जाऊन मी नवऱ्याला हसत सांगितलं." तिचा आवाज फाटला. "पण तिनं हात पुढे केला होता. ती सांगत होती. तिला कळत होतं, काहीतरी बिघडलंय ते."

लेकीनं थोड्या वेळानं वकीलसाहेबांच्या कोटाची वर गेलेली कॉलर नीट केली. माफ केलं म्हणून की नुसती सवय म्हणून, ते त्यांना विचारता आलं नाही.

बाई घरी आल्या त्या कमी होऊन आल्या. हात उडत नव्हता. झोप लागत होती, दिवसाही. वकीलसाहेब वर्तमानपत्र वाचताना मुद्दाम नको तिथं श्वास घेत, वाक्यांची चिरफाड करत, मग कान देऊन बसत. बाई शांतपणे बिस्किटाचे तुकडे बशीच्या कडेनं मांडत राहत. एकदा तर त्यांनी एकच ओळ पाच-सहा वेळा मोडून वाचली, इतकी की खालून शिंप्यानं खिडकीतून विचारलं, "वकीलसाहेब, बरंय ना?"

पुढच्या तपासणीला ते गेले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाहेर बसता का?"

"आत बसू द्या," ते म्हणाले. "म्हणाल तिथं बसतो."

डॉक्टरांनी विचार केला आणि आपल्या टेबलाच्या बाजूला, भिंतीशी, खुर्ची दाखवली. तिथं ते दोघींनाही समोरून दिसत होते. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा बाजूला फिरवला आणि हात टेबलावर ठेवले.

"आजी, आज वार कोणता?"

बाईंनी किंचित मान मागे केली, डाव्या खांद्याकडे. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी वाट पाहिली. मग मान हलवली.

"महिना?"

पुन्हा तेच. वकीलसाहेबांनी दोन्ही ओठ दातांखाली धरले होते. रिकामं जाणारं एकेक उत्तर त्यांच्या तोंडाशी तयार उभं होतं. रंगभूमीवर त्यांनी इतकी शांतता कधी सोसली नव्हती. कुणी सोसू दिलीच नव्हती त्यांना.

"आणि हे?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे हात केला. "हे कोण तुमचे?"

बाईंनी पाहिलं. नीट, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत पाहिलं. त्यांची नजर वकीलसाहेबांच्या ओठांवर येऊन थांबली. एकच शब्द हवा होता. वाक्यसुद्धा नाही. त्यांनी ओठ आणखी घट्ट धरले. डोळ्यांतून पाणी गळ्यापर्यंत आलं तरी त्यांनी हात उचलला नाही, हाताची खूण होईल म्हणून.

"ओळख असेल," बाई शेवटी म्हणाल्या, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं. "पण आत्ता नाही सांगता येणार मला. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

वकीलसाहेबांनी मान हलवली. नाही, नाही घेत.

डॉक्टरांनी ते उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. मग घसा साफ करून पुढचा प्रश्न विचारला.